आमच्या माहेरी कान टोचत नाहीत

“आजी, ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. तुमच्या रक्तात फॅक्टर सेव्हन फार कमी आहे.”

डॉक्टरांनी असं सांगितलं नि हृदयाची झडप बदलायची भीती मागेच पडली. फॅक्टर सेव्हन म्हणजे रक्त गोठवणारं एक द्रव्य. माझ्यात ते जन्मापासूनच कमी. बाई गं, जन्मापासून, नि कळतंय आत्ता!

तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका, असं मी म्हणणार नाही. मी फार घाबरले. हृदयाची झडप बदलताना हार्ट-लंग मशीन लावतात. तेवढा वेळ हृदयाचं नि फुप्फुसाचं काम यंत्र करतं. यंत्रात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करतात. माझं तर आधीच थांबत नाही! मग शिरेतून फॅक्टर द्यायचं. तेही जास्त झालं तर पुन्हा गुठळी. पडल्या पडल्या माझं हेच चालायचं, इकडे आड तिकडे विहीर.

“घरात कुणाला रक्त जास्त जायचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” मी ठणकावून म्हटलं.

त्यांचं लक्ष माझ्या कानांकडे गेलं. “कान टोचले नाहीत?”

“आमच्या माहेरी टोचत नाहीत. देवीला चालत नाही.” लग्नातसुद्धा मी चापाची नथ घातलेली.

खारबावहून आलेला माझा भाऊ शेजारीच होता. तो म्हणाला, “देवीचं न्हाय गो बाय. आपल्या बापाची बहीण व्हती ना, तिचं कान टोचलं नि रगत थांबलंच न्हाय. पोर गेली. तवापासनं ही रीत हाय.”

“हे आधी का नाही सांगितलं?” डॉक्टर.

“तुमी रक्ताचं इचारलंत. कानाचं कुठं इचारलंत?”

फॅक्टर मोजून मोजून देत ऑपरेशन झालं. झडप जनावराच्या ऊतीची बसवली, म्हणजे जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या नकोत. छातीतून ड्रेन, म्हणजे साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी होती. मी सारखी तिच्या पिशवीकडे बघायचे. मुलगा म्हणाला, “आई, टीव्ही लावू?” म्हटलं, “हाच माझा टीव्ही.” लाल उतरत पाण्यासारखं झालं, तेव्हा कुठे डोळा लागला.

आता माहेरच्या सगळ्यांना सांगते, रीत पाळा, पण कशासाठी ते विचारा, नि तपासून घ्या.

नातीचं रक्त तपासलं, चांगलं निघालं. तिला घेऊन आमच्या अंजूरहून भिवंडीला सोनाराकडे गेलो. एक कान टोचला. टिपूसभर रक्त आलं. सोनार दुसऱ्या कानाकडे वळला.

“थांब रे बाबा,” मी म्हटलं, “आधी हे थांबलेलं बघू दे.”

थांबलं. न पाहिलेल्या आत्याला तिथेच हात जोडले.