आईसाठी कॉइल

आईच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, हे रियाधमधल्या डेंटिस्टने मला आरसा धरून दाखवलं. आई सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली होती आणि कवळी टोचते म्हणून मी तिला घेऊन गेले होते. डॉक्टर आपल्याकडचेच, सोलापूरचे. "तंबाखू खाता का?" त्यांनी विचारलं. "छ्या! मी न्हाई खात," आई ताडकन म्हणाली. ते खरंच होतं. डॉक्टरांनी तिचा उजवा हात उलटा केला, तर्जनीचं काळं पडलेलं टोक पाहिलं आणि म्हणाले, "मग मिश्री किती वर्षं लावता, मावशी?"

आईने हात पदराआड ओढून घेतला. मग डॉक्टर माझ्याशी बोलले. मिश्री आजपासून बंद. बंद केली तर चट्टा कमी होण्याची शक्यता आहे. नाही केली तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, आणि त्यात काय निघेल याची खात्री ते देत नाहीत. एक शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. मला तो ऐकू आला.

आमच्या कऱ्हाडकडच्या बायकांना मिश्री काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते: तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची, आणि सकाळी उठल्याबरोबर बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासत बसायची. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, दिवस सुरू होत नाही. आमच्याकडे पुरुष तंबाखू खायचे ते चारचौघांत, कट्ट्यावर, एकमेकांना चुना देत-घेत. बायका मिश्री लावायच्या त्या मोरीच्या मागे, पदराआड. पुरुषांची ती सवय होती आणि बायकांचं ते काहीच नव्हतं. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. मला या प्रकाराचा लहानपणापासून राग आहे आणि वय वाढलं तसा तो वाढतच चाललाय.

घरी आल्यावर मी तिचा मिश्रीचा डबा कचऱ्यात रिकामा केला. वाटलं, संपलं. पण आईने बॅगेच्या अस्तरात तंबाखूची पुडी शिवून आणली होती. मी ऑफिसात असताना तिने ती तव्यावर भाजायला घेतली आणि इमारतीचा फायर अलार्म बोंबलला. हारिस, म्हणजे आमच्या इमारतीचा बांगलादेशी रखवालदार, धावत वर आला. "मम्मी, क्या जल गया?" "वांगं," आई म्हणाली. घरभर तो करपट वास असताना संध्याकाळी मी तिच्यासमोर बसले आणि मला रडूच आलं. ती माझ्याहून जास्त रडली. "मला सोडायची हाय गं," म्हणाली, "पन डोसकं फुटतंय."

निकोटिनचं च्युइंगम आणलं, ते कवळीला चिकटलं. पट्ट्या आणल्या, त्यांनी दंडावर पुरळ उठलं. आईला नकली कानातल्यांचंसुद्धा पुरळ येतं, तिची कातडीच तशी. दोन दिवस ती नुसती बोट दातांवर फिरवत बसली, कोरडंच. ते बघवत नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी बँकेच्या आयटीत आहे आणि सिगारेट ओढायचे. हो, ओढायचे. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी मुरडून घ्यावं. वेप, म्हणजे बॅटरीवर रस तापवून वाफ देणारी ई-सिगारेट, घेतलं तेव्हा सिगारेट सुटली. माझं वेप रीबिल्डेबल आहे, म्हणजे आत जी तारेची कॉइल तापते आणि जो कापूस निकोटिनचा रस शोषून कॉइलला पुरवतो, ते दोन्ही आपणच निवडायचे, आपणच बसवायचे. मी जेवणाच्या टेबलावर उघड्यावर तारा वळत बसते. नवऱ्याला त्याची सवय आहे, तो फक्त माझा स्क्रू-ड्रायव्हर ताटाजवळून बाजूला सरकवतो. आईने आल्या दिवशीच सुनावलं होतं, "बाईमानसानं धूर सोडायचा व्हय?" मी म्हटलं होतं, "बाईमाणसानं बोटाने घासलेलं चालतं का?" त्यावर आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.

आता ती स्वतःच बाल्कनीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "त्यात तंबाखू अस्ती का?"

"तंबाखू नाही. तंबाखूतलं जे हवंहवंसं वाटतं, ते असतं. आणि हे औषध नाही, आई. यालाही एक दिवस सोडायचंच."

"चट्ट्याला लागंल का?"

"मिश्रीइतकं नाही. पण अजिबात नाही असं मी सांगणार नाही."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मी हे लिहून देणार नाही. मी म्हटलं, लिहून मागतच नाहीये, महिन्याने तोंड तपासा एवढंच मागतेय. ते म्हणाले, "मिश्री मात्र परत नको." त्यावर आमचं एकमत होतं.

पहिला प्रयत्न माझ्याच यंत्रावर केला आणि तो फसला. माझ्यात जाड तारेच्या दोन कॉइल आहेत, एका झुरक्यात ढग निघतो. आईला असा ठसका लागला की कवळी हातात आली. "मला मारतीस का काय!" दुकानात गेले तर मल्याळी दुकानदार म्हणाला, "मदर के लिए? खलास मॅडम, डिस्पोजेबल ले लो." त्या वापरून फेकायच्या वेपमधला रस तिला नको तेवढा कडक असतो आणि त्यात आपल्या हातात काहीच राहत नाही. मला हळूहळू उतरवत नेता येईल असं यंत्र हवं होतं. मी रस भरायची छोटी, एकाच कॉइलची टाकी असलेलं यंत्र घेतलं, ज्यातून स्ट्रॉने सरबत प्यावं तसं जरा जोर लावून ओढावं लागतं.

तार कुठली, हा खरा प्रश्न. दुकानात स्टीलची होती, निकेल-क्रोमची होती, दोन्ही झटकन तापणाऱ्या. पण दोन्हींत निकेल, आणि आईचे कान मला आठवले, लग्नाच्या कार्यात नकली झुमके घालून चिघळलेले. म्हणून मी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची तार घेतली. ती सावकाश तापते. आईला घाई नव्हतीच, ती मिश्रीसुद्धा पाऊण तास लावत बसायची. बारीक तार, स्क्रू-ड्रायव्हरच्या बारीक दांडीवर मोजके वेढे, विजेचा रोध एक ओहमच्या थोडा वर. कापूस घालण्याआधी बटण दाबून बघायचं असतं: लाली मधल्या वेढ्यातून कडेला गेली तर ठीक, एखादाच वेढा आधी पेटला तर चिमट्याने वेढे सारखे करायचे. आई टेबलाच्या पलीकडे चष्मा लावून बसली होती. "मधनंच लाल झाली बघ," म्हणाली. त्या दिवसापासून बटण दाबायचं काम तिचं.

आणि नेमका माझा कापूस संपलेला. "अगं, माज्याकडं हाय की," आई उठली आणि देवापुढच्या वातींसाठी आणलेला कापूस घेऊन आली, आमच्याच शेजारच्या रानातला, स्वतः सरकी काढलेला. "कापूस त्यो कापूस." मलाही पटलं. तिने झकास वात वळली, मी ती कॉइलमधून ओवली, वर रस सोडला. रस कापसावरून घरंगळून खाली गेला. तिने एक झुरका घेतला आणि जळक्या फडक्याची चव आली म्हणून तोंड धुवायला पळाली.

चूक दोघींची होती. कच्च्या कापसात त्याचं स्वतःचं मेण असतं. तेल, तूप तो चटकन पितो, पण हा रस ग्लिसरीनचा, पाण्याच्या जातीचा. देवापुढे जी वात उत्तम, ती इथे कुचकामी. मी कापूस उकळायला ठेवला, तेही नेमका तिच्या भाताच्या पातेल्यात, त्यावरून वेगळी बोलणी खाल्ली. वाळल्यावर पुन्हा वात वळली आणि पुन्हा जळकी चव. या वेळी तिने घट्ट पीळ घातला होता.

"आई, पीळ नको देऊस. नुसता विंचरलेला झुपका हवा."

"बिनपिळाची वात कुटं असती व्हय?"

"इथे असते."

जन्मभर वळलेल्या हाताला न वळणं जमेना. बोटं आपोआप फिरायची. चार-पाच झुपके वाया गेले, ती चिडली, मी चिडले, नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला की आज जेवायचं आहे की नाही. शेवटी तिने उजवा हात पाठीमागे ठेवला आणि डाव्याने कापूस ओवला. कॉइलमधून सरकताना तो जरासा अडला, म्हणजे बरोबर होता. शेंडे कापून, फुलवून दोन्ही बाजूंच्या खाचांत हलकेच बसवले. रस मुरला. आईने ओढलं, नाकातून बारीकसा धूर सोडला आणि खुर्चीला टेकून डोळे मिटले. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या केसांवरून हात फिरवला, तिला ते आवडत नाही हे माहीत असूनही.

रस बिनवासाचा घेतला. आंब्याच्या वासाचा दिला होता तर म्हणाली, "वास येतोय, मग आंबा कुटं हाय?" दर दोन-तीन आठवड्यांनी मी त्यातलं निकोटिन कमी करत गेले, तिला सांगून. लपवून काही करायचं नाही, हा माझा एकच नियम होता. एरवी ती घरातच ओढायची, बाल्कनीत, पदर खोचून. पण मराठी मंडळींचं जेवण आमच्याकडे होतं त्या दिवशी मी तिला म्हटलं, आज थांबतेस का? तिने माझ्याकडे रोखून बघितलं. ती उठली आणि सगळ्या बायकांच्या देखत बाल्कनीत जाऊन बसली. कुजबुज झाली. एकीने फोटो काढला. मी त्या बाईला ताटात जास्तीची पुरी वाढली आणि हसून सांगितलं, "आईची मिश्री सुटली, त्याचा हा फोटो आहे. खाली तसं लिहा."

तिने तसं लिहिलं नाही. फोटो कऱ्हाडला पोचला आणि दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई एरवी त्याच्याकडेच राहते. "तू तिकडं काय थेरं चालवलीयस? आई धूर सोडतीय? गावात तोंड दाखवायला जागा न्हाई!" शब्द जड येत होते, कारण त्याच्या खालच्या ओठात तंबाखूचा बार भरलेला होता. अंगाचा तिळपापड झाला माझा. मी तोंड उघडणार, तोच आईने फोन घेतला.

"तुज्या नाकासमोर जलमभर मिशरी लावली मी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कदी इचारलंस, आई, तोंड दुकतं का? मोरीमागं बसून घासत हुते तवर चाललं तुला. आता उजेडात बसले तर लाज वाटाय लागली? आदी त्यो बार थुंक, मग बोल."

दादाने फोन ठेवला. नंतर आठवडाभर केला नाही. मीही केला नाही. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

व्हिसा संपत आला तेव्हा आईच्या टाकीतल्या रसात निकोटिन उरलं नव्हतं, आणि एके सकाळी ती म्हणाली, आज कापूस नगं बदलूस, लागत न्हाई आता. ते यंत्र तिला बरोबर नेताच येणार नव्हतं. आपल्याकडे त्यावर बंदी आहे. मिश्री मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साबणाशेजारी मिळते. याचा मला येतो तो राग कुठे मांडावा हे अजून कळलेलं नाही. डॉक्टरांनी शेवटचं तपासलं: चट्टा फिकट झालाय, गेलेला नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मिश्रीला पुन्हा बोट लावायचं नाही. "आता तिकडं तू न्हाईस बघायला," गाडीत आई म्हणाली. तिला भीती वाटत होती आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला, दादाच्या बायकोचा. तिला असा एकटीने फोन करायची सवय नाही. मी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, आत्याबाईंची खरंच सुटली?" ती आईला आत्याबाई म्हणते.

"सुटली."

"मग माजी पन सुटंल का ओ?"

मी आईकडे पाहिलं. आईला माहीत होतं. अर्थातच माहीत होतं. मी घाईघाईने कॉइलचं सांगायला लागले आणि मधेच थांबले, कारण तिला त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. यंत्र नाही, रस नाही, आणि शिकवायला समोर मी नाही. आईने माझ्यासमोरचा फोन स्वतःकडे ओढला.

"ऐक. पदराआड सोडाय गेलीस तर सुटायची न्हाई. आदी त्याला सांग. म्होरं बसून सांग, मी मिशरी लावते, आन मला सोडायचीय."

"ते ऐकतील व्हय, आत्याबाई?"

"ऐकू दे न्हाईतर न ऐकू दे. मी येतीय की बेस्तरवारी. दोगी मिळून डोसकं धरून बसू."

पलीकडे दार वाजलं. लांबून दादाचा आवाज आला, "कुनाचा गं फोन?"

वहिनीने फोन कापला नाही. "आत्याबाईंचा," ती म्हणाली, आणि मग जरा मोठ्याने, "अहो, इकडं या. बसा. मला बोलायचंय."