हवालदारांची मोटारसायकल

मध्यप्रदेश व्हायचं ठरलं त्या वर्षी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असायचा, "तुमचं नाव आलं का यादीत?" यादी भोपाळला जाणाऱ्यांची. संस्थान जाऊन मध्यभारत झालं तेव्हा आम्ही फारसे हललो नव्हतो. सरकार काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला असायचं, त्यामुळे ह्यांची ट्रंक वर्षातून दोनदा भरायची आणि दोनदा रिकामी व्हायची, इतकंच. आता मात्र अख्खी कचेरी उचलून भोपाळला न्यायची होती. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. यादीत नाव आलं. तिकडे राहायला जागा नाही, एका खोलीत चार-चार जण राहणार, असं कळलं. सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून मला खासगी बाजार या पेठेतल्या घरातून हलता येत नव्हतं. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मोटारसायकलचा विचार ह्यांच्या मनात तेव्हाच आला. तिकडे दौरे असणार आणि जीप मिळणार ती साहेबांना. शिवाय जोडून सुटी आली की घरी येता येईल. आणि तिसरं एक कारण होतं, ते फक्त मला सांगितलेलं. आमच्या दोन्हीकडची घराणी कधीकाळी दक्खनेतून इकडे आलेली, पण नर्मदेच्या पलीकडे आमच्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं. "पावसाळा संपला की तुला मागे बसवून थेट खाली जायचं," हे म्हणायचे. "आपल्या मूळ गावाचं नाव माहीत आहे. विचारत विचारत जाऊ."

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. हलकी गाडी त्या रस्त्यावर टिकली नसती आणि फार जड ह्यांना पेलली नसती. किला गेटला एक निवृत्त हवालदार साडेतीनशे सीसीची जुनी विलायती गाडी विकतायत, असं कचेरीत कोणी सांगितलं. हवालदार संस्थानच्या फौजेत मोटारसायकलवरून टपाल पोचवायचे. फौज हिंदुस्थानच्या सैन्यात सामील झाली तेव्हा वय झालेल्यांना घरी पाठवलं, त्यात हवालदारही आले. पुढे लष्करी सामानाच्या लिलावात त्यांनी ही गाडी घेतली.

आम्ही दोघंही बघायला गेलो. मोठ्या मिशा, हळू बोलणं. गाडीचा एकही गुण त्यांनी सांगितला नाही.

"पुढचा ब्रेक कमजोर आहे साहेब. क्लच कडक आहे. थंडीत पाच-सहा किक घेते," ते म्हणाले. "आधी दिवसभर चालवून बघा, नंतर बात करू. आणि बाईसाहेब बसणार असतील तर त्यांना पण न्या. गाडीचं खरं काय ते मागच्याला समजतं."

रविवारी उजाडता आम्ही शिवपुरीच्या रस्त्याला लागलो. हाच रस्ता पुढे भोपाळकडे जाणारा, आणि दक्खनेकडेही. ह्यांनी खिशात मोजणीची छोटी वही घेतली होती. काय काय तपासायचं ते तीत आधीच लिहून ठेवलेलं. शहर मागे पडेपर्यंत मी डोक्यावरचा पदर दाताखाली धरून बसले होते. नंतर सोडला. इंजिनाचा ठोका संथ होता, जात्याच्या घरघरीसारखा सलग नव्हे, एकेक मोजता येईल असा. दोन्ही बाजूंना पळस, मधूनच एखादी बैलगाडी, आणि मैलाचे दगड एकामागून एक मागे जात होते. प्रत्येक दगड मी मनात वाचत होते. घरी कोणाला औषध द्यायचं आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा काही वेळ विसरले.

वाटेत मोहना गावी चहासाठी थांबलो. ह्यांनी टाकी पाहिली, चेन बोटानं दाबून पाहिली, इंजिनाजवळ हात नेऊन किती तापलंय ते पाहिलं आणि वहीत लिहिलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चाळीसच्या पुढे हँडल थरथरतं. त्याच्या आत ठेवली तर मजेत जाते."

शिवपुरीच्या अलीकडे चढ लागला. तिथे दम टाकेल असं ह्यांना वाटत होतं, पण गाडी एक गिअर खाली घेऊन आम्हा दोघांना घेऊन सरळ वर गेली. वर पोचल्यावर हे मोठ्यानं हसले. लग्नानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या घरात आम्ही दोघं बोलायचोसुद्धा हळू आवाजात.

शिवपुरीला तळ्याकाठी दशम्या खाल्ल्या. वहीत शेवटची ओळ उरली होती, मागच्या सीटची.

"खरं सांग. भोपाळपर्यंत बसवेल?"

सीट म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर बसवलेली एक घट्ट गादी. माझे पाय बधिर झाले होते, कंबर बोलत होती. "बसवेल," मी म्हणाले. "नर्मदेपर्यंत बसवेल. पलीकडेही."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहिलं, "ठीक."

दिवस कलता कलता आम्ही परत आलो, तर हवालदार रस्त्यावर उभे. बहुधा आवाज ओळखून बाहेर आले असावेत. गाडी उभी केल्याबरोबर खांद्यावरचं फडकं काढून ते टाकीवरची धूळ पुसायला लागले. आमच्याशी बोलायच्या आधीच.

"चढ चढली?"

"आरामात," हे म्हणाले.

"चढणारच." त्यांचा हात हँडलवर होता, तो त्यांनी काढला नाही.

मी ह्यांच्याकडे बघत होते. आता विचारतील, आता ठरेल. हे म्हणाले, "गाडी उत्तम आहे, हवालदारसाहेब. पण हिला मागे बसवत नाही."

हवालदार माझ्याकडे वळले. "राहू द्या, बाईसाहेब. सगळ्यांना नाही सोसत." त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

टांग्यात बसून आम्ही घरी निघालो. मग मी म्हणाले, "तुम्ही माझ्या नावावर खोटं बोललात."

"त्यांना विकायची नव्हती. तू पाहिलंस ना?"

"मग विकायला कशाला काढली?"

"गरज असेल."

"मग ती गरज आता कोण भागवणार?"

ही बाजू ह्यांच्या ध्यानातच आली नव्हती, असं मला वाटलं. चांगुलपणाच्या भरात माणूस अर्धंच बघतो.

आठ-दहा दिवसांत ती गाडी आम्हाला दाल बाजारात दिसली. एका व्यापाऱ्यानं घेतली होती. मागच्या गादीवर तेलाचे डबे सुतळीनं बांधलेले. हे त्याच संध्याकाळी हवालदारांकडे जाऊन आले. जेवताना ताक मागायचं विसरले, म्हणून मीच विचारलं, काय म्हणाले ते?

"म्हणाले, तुम्ही घेतली असती तर बरं झालं असतं. अधूनमधून बघायला आलो असतो."

पुढच्याच महिन्यात हे रेल्वेनं भोपाळला गेले. रजा मिळेल तसे यायचे, दोन दिवस राहायचे. सासऱ्यांचं सगळं होऊन मी तिकडे राहायला गेले त्याला पाच वर्षं लागली. तोवर सरकारी क्वार्टर मिळालं होतं, आणि ह्यांना कंबरेचं दुखणंही. नर्मदा आम्ही पुढे ओलांडली, एका लग्नाला जाताना, रेल्वेच्या डब्यात, आजूबाजूला वऱ्हाडी. ते गाव राहिलंच.

त्या पाच वर्षांतलं ह्यांचं एक पत्र मी जपून ठेवलंय. त्यात नेहमीचं सगळं आहे, खोलीत पाणी येत नाही, नवा साहेब बरा आहे. मग शेवटी एक ओळ : "सुटीच्या आदल्या दिवशी मला ती गाडी आठवते. मी चुकलो."

मी उलट टपाली लिहिलं होतं की तुम्ही चुकला नाहीत. ते काही मनापासून लिहिलं नव्हतं. मनातलं लिहिलं असतं तर ते तिकडे एकट्यानं वाचणं त्यांना सोसलं नसतं.