वायफायचा कॅमेरा आणि तात्यासाहेबांची जिलेबी

पुंडलिकनगरचे फोटोग्राफर विलासराव घोडके यांनी साठी उलटल्यावर नवा कॅमेरा घेतला. फोटो काढला की तो वायरीशिवाय थेट मोबाइलवर जातो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. दुर्दैवानं ते खरं निघालं.

वैजापूरच्या एका साखरपुड्यात नवरीची बहीण संस्कृती म्हणाली, "काका, माझ्या मोबाइलला जोडा ना. मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकते." तिसऱ्या खटपटीत जोडणी जमली, तेव्हा विलासरावांचा चेहरा अवकाशात यान सोडलेल्या शास्त्रज्ञासारखा झाला. मग त्यांनी दिसेल ते टिपायला सुरुवात केली. जेवणाची पंगतही सोडली नाही.

पंगतीत नवरीचे चुलत आजोबा तात्यासाहेब बसले होते. शुगरमुळं आपण नुसता वरणभात खाणार, असा शब्द ते बायकोला देऊन आले होते. लक्ष्मीबाई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं चितेगावला घरीच होत्या. पण त्यांच्या हातात मोबाइल होता. चौथी जिलेबी तोंडाशी नेतानाचा तात्यासाहेबांचा फोटो फारच सुरेख आला. संस्कृतीनं तो ग्रुपवर टाकला आणि दोन मिनिटांत त्यांचा फोन वाजला.

"ठेवा ती खाली!" लक्ष्मीबाईंचा आवाज स्पीकरशिवाय अख्ख्या पंगतीनं ऐकला.

तात्यासाहेबांनी जिलेबी ठेवली. "लई हुशार झालाय व्हय तुमचा कॅमेरा?" त्यांनी विलासरावांना विचारलं.

विलासराव ओशाळले. तीस वर्षं त्यांनी लोकांना हसा म्हणून सांगितलं होतं. भरल्या ताटावर कुणाला रडवलं नव्हतं. त्यांनी हळूच वायफाय बंद केलं.

"काका, फोटो येईनात!" संस्कृती ओरडली.

"रेंजच नाय इथं," विलासराव गंभीरपणे म्हणाले आणि जिलेबीच्या वाढप्याला तात्यासाहेबांच्या ताटाकडं पाठवलं.