बॉनेटखालची कणीक

नवऱ्याच्या दहाव्याला मी आइंडहोवनला होते आणि पिंड पुण्याला. करोनामुळे विमानं बंद होती, म्हणून धाकट्या दिरांनी घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. कावळा शिवेना. दिरांनी बरंच काही कबूल केलं: वहिनींना सांभाळू, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करू. कावळा ढुंकून बघेना. शेवटी ते वैतागून ओरडले, "दादा, वहिनी तुझी गाडी पुरी करतील!" कावळा लगेच आला.

"भावजी, मला विचारायचंत तरी!"

"वहिनी, इथे ऊन किती आहे!"

झालं. गेलेल्या माणसाला माझ्या नावाने शब्द गेला होता.

गाडी म्हणजे गॅरेजातली जुनी अमेरिकन मसल कार. तिच्यात नवऱ्याला दुसऱ्याच गाडीचं थोरलं इंजिन घालायचं होतं. कुणी शंका काढली की तो म्हणे, "बसेल." आमच्या सोफ्याबद्दलही तो असंच म्हणाला होता. तो सोफाही गॅरेजातच आहे.

मला पुस्तकं वाचण्यापलीकडे काही येत नाही. शेजारचे निवृत्त डच आजोबा मदतीला आले. इंजिन उतरवलं, तर खालचं ऑइलचं भांडं अडलं. इंजिन थोडं वर उचललं, तर वरचा एअर फिल्टर बॉनेटला लागेलसं वाटू लागलं.

"फिल्टरवर मऊ मातीचा गोळा ठेवू आणि बॉनेट लावू," आजोबा दीड मीटरवरून म्हणाले. "गोळा जेवढा जाड उरेल, तेवढी जागा."

दुकानं बंद. मी कणीक मळून आणली.

"हे खड्डे कसले?"

मी सवयीने गोळ्यावर बोटं उमटवली होती. गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो, म्हणून आमच्याकडे तसा ठेवत नाहीत. हे डचमध्ये कसं सांगणार? म्हटलं, "धार्मिक खड्डे आहेत."

"मोजमापात धर्म नको, शेजारीणबाई."

खड्डे बुजवले. बॉनेट दाबून उघडलं, तर कणकेचा पापड झाला होता.

आजोबांनी पोस्टाने बसका फिल्टर मागवला. या खेपेला मी गोळा मुद्दाम गुळगुळीत केला आणि हळूच ठेवला. बॉनेट खटकन लागलं. उघडलं, तर कणीक चांगली जाड उरली होती.

दिरांना फोन लावला.

"किती जाड, वहिनी?"

"थालीपिठाएवढी."

"लोण्यासकट?"

"लोण्याशिवाय. पण बसलं, भावजी."

ते म्हणाले, "आता सोफा."

कणीक कचऱ्यात टाकवेना. कुंपणावर ठेवून मी वळले, तोवर एक डच कावळा ती उचलून गेलासुद्धा. या वेळी कुणाला काहीच कबूल करावं लागलं नाही.