सेकंदकाट्याला विचारणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम पोकर खेळताना पत्त्यांपेक्षा मनगटावरच्या घड्याळाकडे जास्त पाहायच्या. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, केडगावला आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. रविवारी दुपारी आम्ही चौघी बायका त्यांच्याकडे चिंचोके लावून खेळायचो.

पोकरात हातात काही नसतानाही मोठा डाव लावून समोरच्याला घाबरवता येतं. माझी थाप मात्र लगेच पकडली जायची, कारण हरायला लागले की मी हमखास थाप मारायचे. मॅडमनी मला वेगळी सवय लावली. पत्ते वाईट आले की सेकंदकाटा पाहायचा. वीसच्या आत असेल तर थाप, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. "मन ठरवायला बसलं की त्याची रीत पडते," त्या म्हणायच्या, "आणि रीत समोरच्याला कळते." एकदा लागोपाठ तीनदा काटा वीसच्या आत आला. तिसऱ्यांदा माझा धीर झाला नाही, मी पत्ते टाकले. मॅडम दिवसभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एक माणूस माझ्या मागे लागला. मी नगरात एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, तिथेच त्यानं मला पाहिलं असावं. संध्याकाळी रिक्षातून उतरून घराकडे चालायला लागले की तो वाटेत मोटरसायकल लावून उभा असायचा. बोलायचा नाही, नुसता घरापर्यंत हळूहळू मागे यायचा. आईला रक्तदाब, म्हणून तिला सांगितलं नाही. मॅडमना सांगितलं.

त्यांनी धीरबीर दिला नाही. मी कोणत्या रस्त्यानं येते ते विचारलं. रोज एकाच. थांब्यापासून घरी यायला तीन रस्ते होते. देवळाचा, शाळेचा आणि डेअरीचा. मॅडमनी ते घड्याळाच्या वीस-वीस सेकंदांवर वाटून दिले; उतरताना काटा जिथे असेल, तो त्या दिवसाचा रस्ता. म्हणजे आता भीती नाही ना, असं मी विचारलं.

"काटा वाचवत नाही गं," त्या म्हणाल्या. "आज कुठे उभं राहायचं, एवढंच त्याला कळू देत नाही. पोलिसांकडे जावंच लागेल."

लोक काय म्हणतील म्हणून मी ते पुढे ढकलत राहिले. आठवडाभर तो दिसला नाही, पण प्रत्येक वळणावर मी थांबून मागे पाहायचे. मग एका रविवारी मी मॅडमकडे लवकर गेले होते, तेव्हा वॉचमनकाका वर आले. "ताई, खाली एक जण हाय. तुमचा मजला इचारीत हुता."

मी दार लावून घेतलं. मॅडम मात्र चपला घालायला लागल्या. त्याचे अंदाज चुकायला लागले म्हणून तो चारचौघांत उघडा पडला, आता वॉचमनकाका साक्षीदार आहेत, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचा हात धरला. घड्याळाला तरी विचारा, म्हणाले.

"हातात चांगले पत्ते असले की घड्याळ बघायचं नसतं."

त्या गेटपाशी गेल्या आणि मोबाईलवर त्याचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढला. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मी जिन्याच्या खिडकीतून मोजत होते, किती वेळ ते आठवत नाही. शेवटी त्यानं गाडी वळवली. वर आल्यावर मॅडमना पाण्याचा पेला धरता येईना, अर्धं पाणी साडीवर सांडलं. त्याही माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्याच ओल्या साडीनं त्या माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या. पोलिसांनी त्याला बोलावून लेखी समज दिली.

उन्हाळ्यात मॅडमना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि भाऊ त्यांना अकोल्याला घेऊन गेला. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, तो दिसला का. नाही म्हटलं की मग त्या स्वतःच्या तब्येतीचं सांगायच्या. श्रावणात त्या गेल्या. मी एसटीनं पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

परवा स्टँडसमोर तशीच मोटरसायकल दिसली. वर बसलेला तोच होता की दुसरा कुणी, गर्दीत कळलं नाही. मी फोन काढला, त्यात मॅडमचं नाव शोधलं, आणि मग काय करायचं ते न सुचून तशीच उभी राहिले.