पवित्रकाबरोबर गेलेली अंगठी

पन्नाशी उलटलेल्या माणसाने गुडघाभर पाण्यात उभं राहावं, कानाला हेडफोन लावावा आणि लांब दांड्याची चकती नदीच्या तळावरून झाडू मारल्यासारखी फिरवावी, म्हटल्यावर बघे मिळतातच. मला बघे आवडतात. पहिल्याच सकाळी घाटावर धुणं धुणाऱ्या एका मावशींचे हात थांबले.

"काय वो दादा, बॉम्ब हे का खाली?"

"गुप्तधन आहे, मावशी. सापडलं तर अर्धं तुमचं."

"अर्धं धन काय करू? हे अर्धं धुणं घ्या त्यापरीस."

वरच्या पायरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत माझे वडील, अण्णा, बसले होते. ते हसले नाहीत. त्यांचं लक्ष चकतीवर होतं.

आई गेली तेव्हा दहाव्याला आम्ही याच घाटावर आलो होतो, शहराच्या वरच्या अंगाला, गंगेवर; आमच्याकडे गावच्या नदीला गंगाच म्हणतात. मुलगा मी होतो, पण "तिचं मी करणार" म्हणून अण्णाच पाटावर बसले. गुरुजींनी त्यांच्या अनामिकेत दर्भाचं पवित्रक घातलं. त्याच बोटात सोन्याची अंगठी होती. आईने स्वतःची मोडकी बांगडी आटवून त्यांच्या साठीला केलेली. ती बोटात इतकी रुतली होती की साबण लावूनही निघत नसे, म्हणून ती काढा असं कोणी म्हटलंच नाही. पण आईच्या आजारपणात तिच्याबरोबर अण्णाही वाळले होते. आम्ही सगळे आईकडे बघत होतो, अण्णांच्या बोटाकडे कोण बघणार?

विधी संपला. गुरुजी म्हणाले, "पवित्रक पाण्यात सोडा, आणि आता मागे वळून पाहू नका." पवित्रक अंगठीच्या मागे सरकलं होतं. अण्णांनी ओल्या हाताने ते ओढलं, पाण्यात टाकलं आणि पायऱ्या चढू लागले. चढतानाच त्यांना बोट हलकं लागलं. ते वळले नाहीत. वळायचं नव्हतं. इंदिरानगरला घरी पोचून चहा पुढ्यात आला, तेव्हा त्यांनी रिकामा हात आमच्यासमोर धरला.

"तीही गेली," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते दिवसभर ते बोट चोळत बसायचे. मी म्हणालो, "अण्णा, अगदी तशीच दुसरी करून घेऊ." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरी आई करून घेऊ म्हणालो होतो.

म्हणून मी पाण्यात चालणारा मेटल डिटेक्टर मागवला. सरावासाठी गच्चीत रेतीचा टब भरला आणि बायकोकडे तिची अंगठी मागितली. "घरातली एक अंगठी पाण्यात गेली तेवढी पुरे," असं म्हणून तिने मला बाटलीचं बूच दिलं. ते बूच मी इतक्या वेळा शोधलं की शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कारही केला.

नदीने मात्र माझं नाटक पहिल्या अंकातच पाडलं. आपला दगड काळा, रेती काळी, दोन्हींत लोखंडाचा अंश. मशीन सारखं किंचाळत राहिलं. तळाच्या जवळ चकती वरखाली करून आधी त्याला त्या जमिनीची सवय लावावी लागते, तेव्हा ते गप्प होतं. मी चकती तलवारीसारखी फिरवत होतो. ती सावकाश फिरवायची असते, तळाला लागेल न लागेल अशी, आणि आधीचा पट्टा थोडा झाकत. मशीनवर कचऱ्याचा आवाज बंद करायची सोय होती. ती वापरून मी मोठ्या खुशीत होतो. मग कळलं की बारीक सोनं आणि चुरगळलेली चंदेरी पुडी एकाच सुरात बोलतात. कचरा गप्प केला की अंगठीही गप्प होते.

तेव्हापासून जे वाजेल ते उकरायचं ठरलं. बांबूला पुरी तळायचा झारा बांधला होता. त्यातून खिळे निघाले, नाणी निघाली, पाण्यात सोडलेल्या दिव्यांच्या पत्र्याच्या वाट्या निघाल्या. अण्णांनाही ऐकू यावं म्हणून मी हेडफोन काढून ठेवले होते. ती चूक झाली. प्रत्येक आवाजाला अण्णा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धे उठायचे आणि झाऱ्यात पत्रा दिसला की बसायचे. मी हेडफोन पुन्हा लावले. मग ते माझा हात थांबला की उठू लागले.

उन्हाळा लागेपर्यंत आम्ही जमेल तसं जात राहिलो. एका सकाळी आवाज गोड आला, खोलातून. झाऱ्यात रेतीबरोबर काहीतरी पिवळं चमकलं. मी वर पाहिलं तर अण्णा चपला न घालता पायऱ्या उतरून पाण्याशी आले होते. मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. मंगळसूत्राची एक वाटी होती.

त्यांनी ती अंगठ्याने पुसली. बराच वेळ पुसली.

"कोणाची असेल वो?" धुणंवाल्या मावशी पुढे येऊन म्हणाल्या.

"असेल कोणा बाईची," अण्णा म्हणाले. "पण तिने समजून सोडली असणार. माझ्यासारखी चुकून नाही." मग मला म्हणाले, "घे, जिथली तिथे ठेव."

मी वाटी पाण्यात सोडली.

तेवढ्यात मावशींनी कपडे गोळा केले. "वर या दादा, धरणातून पाणी सोडलंय." पाणी माझ्या मांडीला लागलं होतं. आता शेतीला सोडलेल्या पाण्याचं हे आवर्तन संपेपर्यंत हा तळ दिसणार नव्हता.

मी मशीन खांद्यावर टाकलं, एका हाताने अण्णांना धरलं. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर ते थांबले आणि मागे वळले. 'चला अण्णा' माझ्या तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. नदी भरत होती. खालची पायरी बुडाली, मग तिच्या वरची. अण्णा दहाव्याच्या दिवशी पाहायचं राहून गेलेलं सगळं पाहत होते.

घराशी गाडीतून उतरताना बोट चोळत त्यांनी विचारलं, "पाणी पुन्हा कधी बंद होतं?"

मी वर जाऊन मशीन चार्जिंगला लावलं.