ठेव मोडायची नसते

रत्नागिरीच्या मासळी बाजारात भाट्याच्या गंगा भाटकरची जागा नळाशेजारची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती आधी त्याच्या चपलांकडे बघते, मग भाव सांगते आणि सांगितला की उतरत नाही. समोर टोपलीत बांगडे, हातात पाटल्या, कानात कुड्या, गळ्यात मंगळसूत्र आणि त्याखाली तीन तोळ्यांची ठसठशीत मोहनमाळ. बदली होऊन नव्याने आलेल्या बायका नाक मुरडतात, एवढं सोनं घालून ही माशांच्या पाण्यात बसते कशी म्हणून. त्यांना कोण सांगत बसणार? ती माळ काही नुसती हौस नाही. एखाद्या मोसमात मासळी रुसली, तर बोटीत डिझेल आणि बर्फ त्याच माळेवर भरलं जातं. गंगाच्या नवऱ्याने, शिवाने, ती दोनदा गहाण टाकली आणि गंगाने दोन्ही वेळा बांगडे विकून सोडवून आणली.

या दोघांची एकुलती एक लेक रुचिरा. पोरगी हुशार निघाली, आणि मुंबईजवळच्या एका खासगी विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. विद्यापीठ कॅथलिक धर्मगुरूंचं. वाडीत त्याला सगळे ‘फादर लोकांचं कॉलेज’ म्हणतात. फीचा आकडा ऐकून शिवा दोन दिवस नीट जेवला नव्हता. पण दोन वर्षं फी माफ झाली आणि पोरगी शिकत राहिली. शेजारी बसणारी गोदूबाई तेवढ्यावरूनही गंगाला डिवचायची. ‘तुजा काय गो, रोमहून पोती येतात पैशांची. मोजायला माणसा ठेवल्यानी असतील.’ गंगालाही मनातून तसंच वाटत होतं.

फेब्रुवारीत रुचिराचा फोन आला. ज्या देणगीतून तिची फी माफ व्हायची ती संपत आली होती. एक मोठी कंपनी नवी देणगी द्यायच्या बेतात होती, पण ज्यांच्यासाठी पैसे द्यायचे ती घरं कंपनीला आधी बघायची होती. म्हणून विद्यापीठ एक छोटी फिल्म करणार होतं आणि त्यात गंगाला घ्यायचं ठरलं होतं. देणगी आली तर शेवटचं वर्ष निभावेल, नाहीतर फी घरातून भरावी लागेल, असं पोरीने स्पष्ट सांगितलं.

फिल्मवाली योगिनी आली, कॅमेरा आला, आणि सोबत विद्यापीठाच्या पैशांचा कारभार बघणारे फादर आल्मेडा आले. वसईचे, त्यामुळे मराठी अस्सल. शिवा त्या दिवशी दर्यावर होता. गंगाने पडवीत पानं मांडली, तळलेली सुरमई वाढली, आणि फादरनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला तेव्हा तिची भीड चेपली. ‘फादर, रोमहून किती येतात ओ?’ तिने सरळच विचारलं.

फादर हसले. ‘काही नाही येत, गंगाताई. सरकारकडूनही नाही. आमच्या शंभर रुपयांतले सत्तर पोरांच्या फीचे. आम्ही धर्मगुरू तिथे शिकवतो, तो पगार परत विद्यापीठालाच जातो, त्याचे पाच-सात धरा. थोडं ठेवींचं व्याज. उरलेल्यासाठी आम्ही दारोदार फिरतो. फीमाफी सगळी त्या उरलेल्यातून.’

‘म्हणजे ठेवी हायत तुमच्याकडे?’

‘आहेत की. जुन्या लोकांनी ठेवून दिलेल्या. पण ती मूळ ठेव मोडायची नसते. फक्त व्याज खायचं. उद्या वाईट वर्ष आलं तर विद्यापीठ उभं राहायला हवं ना?’

गंगाला हे पटलं. घरात माळेचंही तेच होतं, गहाण पडायची पण मोडायची नाही. तिने ताटं उचलली आणि नवी जांभळी साडी नेसून बाहेर आली.

योगिनी जरा चुळबुळली. ‘मावशी, साडी रोजची नेसाल का? आणि हे दागिने… दहा मिनिटांसाठी काढून ठेवता?’

‘कशाला?’

‘बघणाऱ्यांना गरज दिसायला हवी ना.’

गंगाचा हात गळ्याशी गेला. नवरा दर्यावर असताना बाई गळ्यातलं उतरवत नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिने ते शांतपणे सांगितलं. योगिनी म्हणाली, मंगळसूत्र राहू द्या, फक्त माळ आणि पाटल्या. गंगा म्हणाली, काहीच नाय. मग योगिनीने रुचिराला फोन लावून दिला, आणि पलीकडून पोरगी म्हणाली, ‘आई, एवढं कर ना गो. माझ्यासाठी. मी त्यांना सांगितलंय आपल्याकडे काही नाही.’

हे मात्र गंगाला लागलं. फार लागलं. दोनदा सोडवलेली माळ गळ्यात घालून ती उभी होती, आणि तिची लेक सांगत होती काही नाही म्हणून. तिने फोन योगिनीच्या हातात ठेवला आणि फादरांकडे वळली.

‘फादर, तुमची ठेव तुमी मोडत नाय. बरोबर हाय. पण देणग्या मागायला जाता तेव्हा ती झाकून ठेवता काय?’

‘नाही,’ फादर म्हणाले. ‘अहवालात छापतो.’

‘मग माजी मीच का झाकायची?’

फादरनी चष्मा पुसला. योगिनी काहीतरी बोलणार होती, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. ‘आहेत तशा घ्या त्यांना,’ ते म्हणाले. ‘साडीही तीच असू दे.’

तशीच फिल्म झाली. नळाशेजारी, पाटावर, माळेसकट, गिऱ्हाइकाला दटावताना. गोदूबाईने मुद्दाम मध्येच येऊन तोंड दाखवून घेतलं. वाडीत पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता, आणि गंगाही उगाच ताठ चालायची.

एप्रिलच्या शेवटी फादरांचा फोन आला. माणूस सरळ, आडपडदा ठेवला नाही. कंपनीवाल्यांना फिल्म आवडली होती, बाई झकास बोलते म्हणाले. पण गरज दिसली नाही, असंही म्हणाले. पैसे त्यांनी दिले, ते नव्या सभागृहाला. सभागृहावर नाव लावता येतं. आता गाठीशी होतं तेवढं सगळ्या पोरांत वाटून प्रत्येकाची अर्धी फी सुटणार होती. उरलेली अर्धी जुलैअखेर भरायची. ‘मला वाईट वाटतं, गंगाताई,’ ते म्हणाले, आणि ते खरंच वाटत असावं.

गंगालाही वाईट वाटलं. आपल्या ताठ्यापायी पोरीचं नुकसान झालं, हे तिला दिवसभर खुपत राहिलं. त्या दिवशी ती भावात दोनदा उतरली. रात्री रुचिराचा फोन आला तो रागातच. ‘दहा मिनिटं काढली असतीस तर काय झालं असतं?’

‘दहा मिनिटां तुजी,’ गंगा म्हणाली. ‘त्या फिल्ममधी मी जल्मभर तशीच रवले असते. लंकेची पार्वती.’

पोरीने फोन ठेवून दिला. महिनाभर ती आईशी फक्त कामापुरतं बोलली.

जूनपासून मासेमारी बंद झाली. मोसम जेमतेमच गेला होता. खलाशांचे वाटे चुकते करून हातात राहिलं ते जाळ्यांच्या दुरुस्तीलाच पुरणार होतं. बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली, शिवा घरात. जुलैत एका सकाळी गंगा आरशासमोर उभी राहिली आणि माळेचा फासा काढायला लागली. इतक्या वर्षांचा फासा तो, निघेना. शिवाने मागून येऊन दातांनी सैल केला आणि माळ तिच्या हातात दिली. ‘गहाण टाकू या,’ तो म्हणाला.

‘सोडवायला आता किती वर्सा बसू पाटावर? मोडूनच टाकू.’

दोघं रिक्षाने पूल ओलांडून सराफाकडे गेली. सोन्याचा भाव तेव्हा असा चढलेला की सराफाने वजन करता करता ‘आत्ता मोडलीत ते बरं केलंत’ म्हटलं. गंगा त्याच्याशी घासाघीस करायला विसरली. पैसे त्याच दिवशी बँकेतून विद्यापीठाच्या खात्यात गेले, फादरांनी सांगितलेल्या शंभरातल्या त्या सत्तर रुपयांत. देणगीदारांच्या यादीत काही तिचं नाव येणार नव्हतं. फी ती फी.

संध्याकाळी रुचिराचा फोन आला. पावती तिला मोबाइलवर पोचली होती. तिने विचारलं, ‘आई, पैसे कुठून आणलेस?’

‘ठेव मोडली.’

‘कसली ठेव?’

‘माजी,’ गंगा म्हणाली. ‘तुज्या फादरांची हाय तशीच हाय.’